मूळ कॅसेट कुठे आहे?

मामाने १९९३ च्या जत्रेतला दशावतार व्हिडिओवर उतरवून घेतला होता. आमचं गाव सावंतवाडी तालुक्यातलं, लहानसं. पण जत्रेला कंपनी चांगली यायची. लग्नाचं शूटिंग करणारा एक ओळखीचा कॅमेरावाला मामाने रात्रभरासाठी बोलावला. देवळासमोर स्टँड लागला आणि पहाटेपर्यंत तीन व्हीएचएस कॅसेटी भरल्या. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळ्या वेशातला संकासुर आणि मध्यरात्रीनंतर आख्यान. साथीला पायपेटी, मृदंग, झांज.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, बोलणं त्या रात्रीचं असतं. संकासुराने पुढे बसलेल्या गावकऱ्यांची मालवणीत जी फिरकी घेतली, ती त्या तीन कॅसेटींखेरीज जगात कुठेही नोंदलेली नव्हती.

२००४ साली मामाने त्या कॅसेटी एका दुकानात ‘सीडी करायला’ दिल्या. सहा चकत्या मिळाल्या. दुकानदार म्हणाला, आता कॅसेटी ठेवून काय करणार, जागा अडते, बुरशी धरते. मामाने त्या तिथेच सोडल्या. गेल्या वर्षी मी त्या चकत्या संगणकात घातल्या. सहापैकी पाच वाचता आल्या. मामा शेजारी बसला होता. ‘सगळां दिसता मां रे?’ त्याने विचारलं. मी ‘होय’ म्हणालो. सगळं दिसत नव्हतं.

काय दिसत नव्हतं ते नेमकं सांगतो, कारण हा हिशेब घरोघरचा आहे. आपल्याकडची व्हीएचएस कॅसेट पाल पद्धतीची. तिच्यात सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्रात दिसणाऱ्या ५७६ आडव्या रेघा. या रेघा एका दमात टिपलेल्या नसतात. आधी एकाआड एक, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला हालचालीचे ५० क्षण कॅसेटवर असतात. मामाच्या चकत्या व्हीसीडी होत्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ चं. निम्म्या रेघा गेल्या आणि त्यांच्याबरोबर ५० पैकी २५ क्षण गेले. उरलं तेही सेकंदाला जेमतेम ११५० किलोबिटांत कोंबलेलं. संकासुर गर्रकन वळतो तेव्हा त्याच्या हाताच्या जागी चौकोनी ठिकऱ्या दिसतात.

चित्र ‘सुधारून’ देणारी साधनं आज मिळतात. ती नसलेला हात अंदाजाने काढून देतात. तो हात त्या कलावंताचा नसतो.

‘डिजिटल केलं’ एवढं ऐकलं की आपण पुढचे प्रश्न विचारायचे थांबतो. माझी तक्रार इथे आहे आणि ती त्या दुकानदारापुरती नाही. हेच दोन शब्द निर्माते वापरतात, वाहिन्या वापरतात, सरकारी पत्रकांत वापरले जातात आणि टाळ्या वाजतात. कशात केलं? करताना काय टाकून दिलं? मूळ कुठे ठेवलं? वीस वर्षांनी ते कोण उघडणार? या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर जतन झालेलं नाही, नुसती एक प्रत निघाली आहे.

गमावण्याच्या बाबतीत आपल्याइतका अनुभव फार थोड्यांच्या गाठीशी असेल. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. आपल्याकडे पहिलं आणि शेवटचं रीळ उरलं. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ आज पाहता येत नाही. १९३१ चा ‘आलम आरा’, पहिला भारतीय बोलपट, त्याची एकही प्रत सापडलेली नाही. या देशात हजारावर मूकपट निघाले आणि पूर्ण उरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके आहेत. जे आहेत त्यांतले बरेचसे पी. के. नायर या एका माणसाच्या चिकाटीने आहेत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि नायर पुढच्याच वर्षी तिथे आले. नाशिकला ‘राजा हरिश्चंद्र’कार फाळक्यांच्या कुटुंबाकडे जाऊन त्यांनी रिळं मिळवली. गावोगाव फिरून डबे गोळा केले. आणि तरीही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या भांडाराला आग लागली आणि नायट्रेटची हजारो रिळं काही तासांत गेली. नायट्रेटची फिल्म जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतः पुरवते, पाण्याने विझत नाही. नंतर आलेली अ‍ॅसिटेटची फिल्म जळून जात नाही, पण दमट हवेत आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो आणि पट्टी आकसून वेडीवाकडी होते.

फाइलला ना आग लागते ना वास येतो. ती गुपचूप मरते. एखादा बिट पलटतो आणि कोणाला कळत नाही. ज्या कंपनीच्या पद्धतीत ती साठवली ती कंपनी ती पद्धत बंद करते आणि फाइल जागच्या जागी असून उघडत नाही. २०१९ साली अ‍ॅपलने आपल्या संगणकप्रणालीच्या नव्या आवृत्तीतून सिनेपॅक, सोरेन्सन अशा जुन्या पद्धतींचा आधार काढून घेतला. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अनेकांनी आपली चित्रणं विश्वासाने याच पद्धतींत ठेवली होती. कंपनीने काही गुन्हा केला असं मी म्हणत नाही. तिचं काम माल विकणं आहे. आपलं चित्रण पन्नास वर्षं सांभाळणं हे तिचं काम कधी नव्हतंच. ते आपण तिच्यावर टाकलं.

आणि त्या जुन्या फाइली आज उघडतात त्या एका मुक्त सॉफ्टवेअरमुळे. त्याचं नाव एफएफएमपेग. २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते सुरू केलं, पुढे मिखाएल नीडरमायर आणि जगभरच्या शेकडो लोकांनी वाढवलं. तुमच्या संगणकातल्या व्हीएलसी प्लेअरच्या पोटात त्याचाच भाग आहे. २०२१ साली मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्सच्या कॅमेरा-यंत्रणेतही ते होतं. दिसायला काही नाही: खिडकी नाही, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. पण सिनेपॅक, इंडिओ, रिअलव्हिडिओ, सोरेन्सन, ज्यांची चलती कधीच संपली त्या सगळ्यांच्या फाइली ते वाचतं. आमच्या व्हीसीडीतल्या डॅट फाइली मी त्यानेच बाहेर काढल्या.

याला आपण ‘फुकटचं’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. सरकारी कचेरीत फुकट म्हणजे बिनभरवशाचं. कोट्यवधींची निविदा निघाली, पेटीबंद यंत्र आलं, त्यावर कंपनीचं कुलूप असलं की काम गंभीर वाटतं. पण या सॉफ्टवेअरबाबत महत्त्वाचा शब्द फुकट नाही, मुक्त आहे. त्याचा सारा मूळ मजकूर, म्हणजे ते कसं चालतं याच्या सगळ्या ओळी, कोणीही वाचू शकतो, उतरवून घेऊ शकतो, बदलू शकतो. मग संग्रहालयाला एक गोष्ट करता येते जी कुलूपबंद पेटीबाबत कधीच करता येणार नाही: चित्रपटाच्या फाइलीशेजारी तो चित्रपट उघडण्याची किल्ली, घडवण्याच्या कृतीसकट, ठेवून देता येते. २०७५ साली मूळ प्रकल्प नसला, त्यातले लोक नसले, तरी एखादा हुशार विद्यार्थी ती कृती वाचून फाइल उघडेल.

या घराण्यातलं जतनासाठी सगळ्यात मोलाचं रत्न म्हणजे एफएफव्ही१. नीडरमायर यांनी २००३ साली घडवलेली ही व्हिडिओ साठवण्याची पद्धत. तिचं वैशिष्ट्य एका वाक्यात सांगता येतं: ती जागा वाचवते, पण चित्रातलं काहीही टाकत नाही. मोबाइलमधला किंवा व्हीसीडीतला व्हिडिओ लहान होतो तो डोळ्याला चटकन न जाणवणारा तपशील फेकून. तपशील एकदा फेकला की गेला. एफएफव्ही१ मात्र अंथरुणाच्या घडीसारखी आहे. घडी उलगडली की तेवढंच अंथरूण, धागा न् धागा तसाच. शिवाय ती चित्राचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर पडताळणीचा आकडा लिहिते. पुढे कधी एखादा बिट बिघडला तर नेमकी कोणती चौकट आणि तिचा कोणता तुकडा बिघडला ते कळतं. बाकी चित्रपट सुखरूप राहतो. ही फाइल ठेवण्याचा डबा म्हणजे मात्रोस्का. नाव रशियातल्या एकीत एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्यांवरून आलेलं. चित्र, आवाज, उपशीर्षकं, रिळाची माहिती, सगळं त्या एका डब्यात.

हे सगळं चार हौशी मंडळींचा खेळ आहे असं कोणाला वाटत असेल तर ऐका. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एफएफव्ही१ चं वर्णन २०२१ साली आरएफसी ९०४३ म्हणून प्रसिद्ध केलं, मात्रोस्काचं २०२४ साली आरएफसी ९५५९ म्हणून. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ध्वनि-चित्र संग्रहाने दीड दशकापूर्वीच आपल्या व्हिडिओ कॅसेटी या पद्धतीत उतरवायला सुरुवात केली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं राष्ट्रीय संग्रहालय आपल्या स्कॅनच्या प्रचंड फाइली याच जोडगोळीत ठेवतं.

प्रचंड म्हणजे किती, त्याचा हिशेब कागदावर करून बघा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची एक चौकट ४०९६ बाय ३११२ बिंदूंत स्कॅन केली, एका बिंदूला ४ बाइट धरले, तर एका चौकटीला सुमारे ५१ एमबी. सेकंदाला २४ चौकटी. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी. गुणाकार जवळपास ९ टीबीवर जातो. एका चित्रपटाचे ९ टीबी, त्याच्या दोन-तीन प्रती, असे शेकडो चित्रपट. इथेच पैशाची चणचण असलेल्या संस्थेचा धीर सुटतो आणि कोणीतरी सुचवतं, ‘लहान फाइल करून ठेवू, मूळ स्कॅन पुसून टाकू.’ सुचवणाऱ्याला ठाऊक नसतं की रॉकुक्ड नावाचं आणखी एक मुक्त साधन आहे. ते या स्कॅनच्या लाखभर सुट्या फाइली एफएफव्ही१ आणि मात्रोस्कात बांधतं, बहुधा जागा निम्म्याच्या आसपास आणतं आणि हवं तेव्हा मूळ फाइली बाइटलाही फरक न पडता परत काढून देतं. पुसायची गरजच नसते. गरज असते ती हे माहीत असलेल्या एका माणसाची आणि त्याच्या पगाराची.

साधन चांगलं असलं म्हणून हात चांगला होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. रूपांतर करणाऱ्याला सिनेमा कळायला हवा. मूकपट हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर साधारण सेकंदाला १६ ते १८ चौकटींनी टिपलेले असत. त्याच चौकटी २४ किंवा २५ च्या वेगाने पळवल्या की १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मधली मंदाकिनी फाळके, सात-आठ वर्षांची ती कृष्ण झालेली मुलगी, किल्लीच्या बाहुलीसारखी धावते आणि लोक हसतात. त्यांना वाटतं, जुना सिनेमा असाच होता. तो असा नव्हता. एकाही चौकटीला हात न लावता फाइलमध्ये फक्त योग्य वेग लिहिता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. ते करायचं असतं हे माहीत असायला हवं.

बोलपटाचं दुखणं वेगळं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, आपला जुना टीव्ही २५ चा. सोपा मार्ग म्हणून चित्रपट थोडा पळवला जातो: तासामागे जवळपास अडीच मिनिटं कमी होतात. बघताना कोणाला कळत नाही, पण गाणं ऐकणाऱ्याला कळतं. आवाज चढतो. काळी एकच्या पट्टीतलं पद पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतं. ज्या मराठी चित्रपटांची गाणी आपण टीव्हीवरून किंवा व्हीसीडीवरून ऐकली, त्यांतली किती आपण मूळ पट्टीत ऐकली? एखादा मुलगा त्या व्हीसीडीवरून गाणं बसवतो, पट्टी त्यावरून ठरवतो आणि गायकाने न लावलेला स्वर पुढच्या पिढीकडे जातो. मला हे चित्रावरच्या ओरखड्यापेक्षा मोठं नुकसान वाटतं. ओरखडा दिसतो तरी.

तिसरी गोष्ट कापाकापीची. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ची चौकट जवळजवळ चौरस आहे. ती आजच्या रुंद टीव्हीभर पसरवायची म्हणून वर-खाली छाटली तर पाव चित्र जातं. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचं पागोटं वर राहतं, चिपळ्या खाली. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलालांनी, त्यातले फत्तेलाल तर चित्रकार, एकेक चौकट मांडून बसवलेली. आणि आपण ती दोन काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून कापणार? पाहण्याची प्रत हवी तशी काढा. हँडब्रेकसारखं मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठीच उत्तम आहे, मोबाइलपुरती, टीव्हीपुरती, शाळेतल्या प्रोजेक्टरपुरती सुटसुटीत प्रत घरबसल्या निघते. पण पाहण्याची प्रत वेगळी आणि ठेवण्याची प्रत वेगळी. लोणचं वाढायची वाटी आणि लोणच्याची बरणी यांत कोणत्याही घरात गोंधळ होत नाही.

आता फिल्मबद्दल. स्कॅन झालं म्हणून मूळ निगेटिव्ह टाकून देणारे निर्माते या देशात होऊन गेले. रिळांतल्या चांदीसाठी ती विकणारेही होऊन गेले. मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मी मांडतो आहे म्हणून कोणी असं समजू नये की फाइल आली की फिल्म अडगळ झाली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ साली हिशेब मांडला होता. एका चित्रपटाची फिल्म सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, तर ४के डिजिटल मूळ प्रत सांभाळायला १२,५१४ डॉलर. आकडे आता बदलले असतील, कारण बदललेलं नाही. फिल्म थंड, कोरड्या खोलीत ठेवली की ती बसून राहते. फाइलला बसून राहता येत नाही. तिला दर काही वर्षांनी घर बदलावं लागतं. मोठे संग्रह ज्या एलटीओ टेपवर फाइली ठेवतात, त्या टेपचं आठव्या पिढीचं यंत्र सातव्या पिढीची टेप वाचतं, सहाव्या पिढीची वाचत नाही. २०१२ मध्ये आलेली सहावी पिढी आणि २०१७ मध्ये आलेली आठवी. पाच वर्षं.

श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’, ज्याची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि ज्यात स्मिता पाटील आहे, तो २०२४ साली कान महोत्सवात नव्याने उजळून दाखवला गेला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ते काम केलं. मूळ निगेटिव्हला बुरशी लागली होती, आवाजाची निगेटिव्ह उरली नव्हती. आवाज घेतला तो जपून ठेवलेल्या ३५ मिलिमीटरच्या प्रतीवरून. ती प्रत कोणी ‘आता काय उपयोग’ म्हणून भंगारात दिली असती तर पाच लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिलेला हा चित्रपट मुका झाला असता.

२०२२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनर्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. हे पैसे हवेच होते, उशिरा का होईना आले, त्याचं मनापासून स्वागत. पण ते आपले पैसे आहेत, तेव्हा मागणीही आपली. त्या प्रत्येक चित्रपटासमोर एक साधी ओळ लोकांना वाचता यावी: मूळ काय होतं, स्कॅन किती बिंदूंचं, कोणत्या पद्धतीत साठवलं, किती प्रती कोणकोणत्या शहरांत आणि शेवटची पडताळणी कधी झाली. एवढी नोंद ठेवायला ३६३ कोटी लागत नाहीत.

पुस्तकासाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायची. इतर ठरलेल्या ग्रंथालयांत मुंबईचंही एक आहे. चित्रपटासाठी असा कायदा नाही. आज निघणारे मराठी चित्रपट फिल्मवर नाहीतच, जन्मतःच फाइल आहेत. चित्रपटगृहात जातात त्या प्रती बहुधा कुलूपबंद असतात. त्यांची किल्ली ठरावीक तारखांपुरती चालते आणि मग संपते. चित्रपट उतरल्यावर मूळ फाइली कुठल्या तरी संकलकाच्या टेबलावर एका हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात. त्या डिस्कचा पुढे काय प्रवास होतो हे चित्रपटसृष्टीतल्या कोणालाही विचारा, तो मान खाली घालेल. १९१३ ची रिळं गेली तेव्हा आपल्याला कळत नव्हतं. आज कळतं.

म्हणून महाराष्ट्र शासनाने अनुदानाला एक अट जोडावी. लोकांच्या पैशातून मदत घेतलेल्या प्रत्येक मराठी चित्रपटाची काहीही न टाकलेली, कुलूप नसलेली, मुक्त पद्धतीतली एक प्रत संग्रहात जमा झाली पाहिजे. आणि ती घ्यायला, तपासायला, दर काही वर्षांनी नव्या घरात हलवायला माणसं नेमली पाहिजेत. कंत्राटी, सहा महिन्यांची नव्हेत, पेन्शनीपर्यंत टिकणारी. पुण्यात आणि कोल्हापुरात सिनेमा कळणारी आणि संगणक कळणारी तरुण मुलं आहेत. त्यांना हे शिकवायला एका सत्राचा अभ्यासक्रम पुरेल. जर्मनीने २०२४ साली आपल्या सरकारी निधीतून एफएफएमपेगच्या देखभालीसाठी दीड लाखाहून अधिक युरो दिले, कारण ज्या खांबावर सगळे टेकले आहेत त्याची डागडुजी कोणीतरी करायला हवी हे तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं. जगात इतके चित्रपट काढणाऱ्या या देशानेही त्यात वाटा उचलावा.

आणि घरची गोष्ट. तुमच्या माळ्यावर व्हीएचएस असेल, तर या पावसाळ्याआधी ती खाली काढा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ साली थांबली. चालू यंत्रं दर वर्षी कमी होत आहेत. कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा कान मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही मुद्रित होणार नाही. आत पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका. आधी साफ करून घ्या, नाहीतर फीतही जाईल आणि यंत्राचं हेडही. उभी ठेवा, कोरड्या जागी. उतरवून देणाऱ्याला सांगा की ५७६ च्या ५७६ रेघा हव्यात आणि काही न टाकलेली फाइल हवी, एफएफव्ही१ मध्ये. तासाभराच्या कॅसेटचं न आवळलेलं चित्र साधारण ९३ जीबी भरतं, एफएफव्ही१ मध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. आज तेवढी जागा लग्नातल्या एका आहेराच्या किमतीत मिळते. तो ‘एवढी कशाला’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा. दोन डिस्कवर दोन प्रती घ्या, एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवा.

आमच्या त्या रात्री संकासुर झालेला कलावंत आता नाही. त्याच्या घरी फोटो आहे, चित्रण नाही. मी त्याच्या मुलाला पाच चकत्यांतून निघालं ते सगळं दिलं, ३५२ बाय २८८.

दुकानातून निघताना मूळ कॅसेट परत मागून घ्या.